हस्तांदोलन

“काका, हात गार पाण्यात बुडवून ठेवला होता ना?” सरांनी विचारलं.

“हो सर. बर्फ टाकून.”

शिंपीकाका फळ्याजवळच्या स्टुलावर ताठ बसले होते. मेंदू आणि नसांच्या आजारांच्या या तासाला सर त्यांना दर वर्षी बोलवायचे. काका इस्त्रीचा शर्ट घालून यायचे.

“चला, कोण येतंय हात मिळवायला?”

पुढच्या बाकावरची मुलगी आली. काकांनी तिचा हात धरला, हसले, आणि मग तो हात सुटेचना. तिने ओढून पाहिला. काकांची बोटं एकेक करून, सावकाश उघडली. वर्गात खसखस पिकली.

“घाबरू नका,” काका म्हणाले. “या हातातून कात्री सुटेना, म्हणून धंदा सुटला. बाकी सगळं सुटतं, जरा दम धरला की.”

आता मोठ्याने हशा झाला. सर मात्र हसले नाहीत.

“आवळलेला स्नायू लवकर सैल होत नाही, पुस्तकात ही एक ओळ आहे. इथे ती तुमचा हात धरते. तरी माझा विषय कोणाला नको. वर्ष संपत आलं, एकानेही मला एक प्रश्न विचारलेला नाही.”

तेवढ्यात दार किलकिलं झालं. काकांची मुलगी त्यांना घरी न्यायला आली होती. तिला सातवा महिना होता.

“आत ये, दार लावून घे,” सर म्हणाले.

तिने आत येऊन दार ओढून घेतलं. पाऊल पुढे पडलं, हात कडीवरच राहिला. तिने दुसऱ्या हाताने झटकन बोटं सोडवली आणि हात पर्सच्या मागे नेला. सवयीचं काम असावं, इतक्या सफाईने.

“सर, यांचाही!”

शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी उभा राहिला होता. मघाशी जांभई दिली म्हणून सरांनी त्यालाच झापलं होतं.

“काय पाहिलंस?”

“कडी सुटली नाही, सर. दुसऱ्या हाताने सोडवली.”

“शाबास! वर्षभर झोपा काढल्यास, पण आज डॉक्टर झालास.”

“थंडीने होतं ते,” मुलगी वडिलांकडे बघत म्हणाली. “सकाळी सकाळीच फक्त.”

काका स्टुलावरून उठले. “सर, तिला राहू द्या.”

“अहो काका, मुलं शिकतायत. तुम्हीच म्हणता ना, या आजाराचा कोणाला तरी उपयोग होऊ दे?”

सरांनी मुलीला पुढे बोलावलं. तिचा हात धरून काकांच्या हातात दिला.

“धरा घट्ट. आणखी घट्ट. हं, सोडा.”

दोघांचाही हात सुटेना. मागची मुलं बाकांवर चढली. कोणीतरी मोबाइल वर धरला.

“कधीपासून?” काकांनी हळूच विचारलं.

“बाबा, घरी बोलू.”

“आता नीट ऐका,” सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. “हा आजार पिढीगणिक लवकर येतो आणि जोराने येतो. वडिलांना पंचेचाळिशीत. मुलीला पंचविशीत. आणि आईकडून पुढे गेला, तर?” गुडघ्यावर मारायची रबरी हातोडी त्यांनी तिच्या पोटाकडे रोखली.



“जन्मतःच?” शेवटच्या बाकावरचा म्हणाला.

“जन्मतःच!” सरांनी टाळी वाजवली. वर्गानेही वाजवली. “आता सांगा, पुढे हा विषय कोणाकोणाला घ्यावासा वाटतो?”

आधी शेवटच्या बाकावरचा हात वर गेला. मग पुढचे दोन, मग मधली अख्खी रांग. सरांना भरून आलं. ते कोणाला दिसू नये म्हणून ते वळले आणि कोराच फळा पुसू लागले.

“सर,” मागून मुलीने विचारलं. तिचा हात अजून वडिलांच्या हातातच होता. “जन्मतःच म्हणजे बाळाला काय काय होतं?”

सरांचं डस्टर थांबलं.

“वा! पहिला प्रश्न,” मागे न वळताच ते म्हणाले. “पुढच्या तासाला घेऊ.”