फुसकं काडतूस

अमेरिकेतल्या आमच्या युटा राज्यात देहदंडाच्या कैद्याला गोळ्या घालायच्या, तर पाच पोलीस उभे करतात. एकाच्या बंदुकीत फुसकं काडतूस असतं. 'मारणारा मी नव्हे' असं म्हणत प्रत्येकाला घरी जाता यावं म्हणून. पण त्या खेपेला उभे केलेले आम्ही पाचही पोलीस पडलो हरणांचे शिकारी. खरी गोळी खांद्याला दणका देते, फुसकी देत नाही, हे आम्हाला कोणी शिकवायला हवं का?

महिन्याभराने आमच्यातल्या डेलबर्टच्या अंगणात आम्ही पाचही जण बायकांसह जेवायला जमलो. बटाटे वाढता वाढता बायका बोलल्या आणि घोळ झाला. प्रत्येक नवऱ्याने घरी एकच सांगितलं होतं, "माझीच फुसकी होती."

"पाचही फुसक्या?" माझी बायको आर्वेला म्हणाली. "मग तो मेला कशाने, आवाजाने? तू तरी खरं सांग, व्हर्ल."

तिला पटेल असं एकच उत्तर उरलं होतं.

"माझी खरी होती."

तिने माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. बाकीचे चौघे ताटात मान घालून जेवू लागले.



खांद्याला दणका न बसलेला त्या टेबलाशी मी एकटाच होतो.