डेअरीपासून घरापर्यंत

दूध आणायला गेलेल्या तुळशीरामला शेजाऱ्याने हाताला धरून घरी आणलं. तो कालच निवृत्त झाला, तेव्हा ट्रक कंपनीने त्याच्या डोक्यात बसवलेलं जीपीएस काढून घेतलं होतं.

“पार गुवाहाटीला गाडी नेत होतात, आणि डेअरीवरून घर सापडेना होय?” त्याची बायको कौसल्या हसून म्हणाली. तिने कागदावर डेअरी, पाण्याची टाकी आणि घर काढलं. “लग्न झालं तेव्हा नकाशा बघूनच तर जायचात.”

त्याने कागद निरखला. “यात मी कुठाय?”

तिने घरावर पेनाने ठिपका दिला. “हे इथं.”

त्याला धीर आला. कागद धरून तो अंगण ओलांडून रस्त्यावर गेला आणि थबकला.

“कौसल्या, हा ठिपका हलत नाही गं.”