माहेरच्या बंधाऱ्याची पातळी

सकाळी सातला उपग्रह नदीवरून गेला आणि साऱ्या बंधाऱ्यांची पातळी वैजयंतीच्या मोबाइलवर उतरली. माहेरच्या बंधाऱ्यात रात्रीतून चार बोटं पाणी घटलं होतं. चोरून पाणी उपसणारी, तापलेली मोटारही वरून दिसली होती. ती तिच्या धाकट्या भावाची, दौलतची.

पाणी समितीची सचिव म्हणून दहाच्या आत तिनं मोबाइलवर अंगठा ठेवला, की ती मोटार हंगामभर बंद. नाही ठेवला, तर उद्या सगळेच उपसतील आणि त्याच नदीवरची, खालच्या अंगाची सासरची विहीर आठवड्यात आटेल.

"पूर्वी नदी माहेरची खुशाली आणायची," सासू म्हणाली, "आता चहाड्या आणते."

वैजयंती उठली, बसली, पुन्हा उठली. पावणेदहाला तिनं फोन लावला. पलीकडे मोटारीची घरघर चालूच होती.

"सापडलोच आहे अक्का, म्हणून मिरचीला शेवटचं पाजून घेतोय."

"बंद कर, दौलत."

घरघर थांबली.

"केली. ठेव आता अंगठा. दुसरं कोणी असतं, तर भांडलो असतो."

तिनं अंगठा ठेवला. तो ओला होता, मोबाइलनं घेतला नाही. पदराला पुसून तिनं तो पुन्हा ठेवला.