परत फिरणारा गाईड

“हा तिसरा गाईड, बाबा. स्थळ बघताय की कयाक शिकवणारा माणूस?” मुलगी दुकानाच्या पायरीवरच थांबली.

“स्थळ इतकं पारखलं नसतं,” म्हणत बाप आत शिरला.

आई गेल्यापासून घरात दोघंच. मुलीने कयाकने समुद्रात जायचा हट्ट धरला, तेव्हा तो नाही म्हणाला नाही. गाईड मात्र मी निवडणार, एवढंच म्हणाला. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: अर्ध्यातून कधी परत फिरलात का? पहिला हसला, “आम्ही पाण्याला घाबरत नाही, साहेब.” दुसऱ्याने बेटावरचे फोटो दाखवले. बाप दोन्हीकडून बाहेर पडला.

तिसरा गाईड वल्ही पुसत होता. बापाला बघून त्याचा हात थांबला. बापाने त्यालाही तेच विचारलं.

“यंदा बेटावर पोचलो कमी, परतच जास्त फिरलो. वारा बदलला की मी पुढे जात नाही. गिऱ्हाईक शिव्या घालतं.” मग मान खाली घालून तो म्हणाला, “शेजारचे चांगले आहेत. त्यांच्याकडे जा.”

“बाबा, हा भित्रा आहे,” मुलगी कुजबुजली. “वर धंदाही करायचा नाही याला.”

“भित्राच हवा. उद्या सकाळी येतो आम्ही.”

सकाळी गाईडने खुंटीवरचं एक लाइफ जॅकेट काढून मुलीला दिलं. अगदी बेताचं बसलं.

“माप न घेता कसं कळलं?” तिने विचारलं.

त्याने पट्टा दोनदा ओढून बघितला. मग कमरेएवढ्या पाण्यात तिची कयाक उलटी करून तिला बाहेर यायला लावलं. पुन्हा. आणि पुन्हा.

“किती वेळा?” नाकातलं पाणी शिंकरत ती वैतागली.

“मी पुरे म्हणेपर्यंत.”

बाप वाळूत बसून बघत होता. गाईड जवळ आला तेव्हा बाप म्हणाला, “मला ही एकच आहे.”

“माहीत आहे, काका.”

मुलगी कयाक ओढत पुढे गेली. गाईड तिथेच रेंगाळला. “अजून वेळ आहे. नको म्हणा.”

“वारा बघ आणि नीघ.”

गाईडने बराच वेळ वारा बघितला. मग हळू आवाजात विचारलं, “हिच्या आईला मी परत आणू शकलो नव्हतो, हे सांगितलंय का तुम्ही हिला?”