टॉवेलखालची फी

मुक्याबहिऱ्या पोरांना शिकवायचं स्पेशल बी.एड. करायचं, असं स्नेहलने अठ्ठ्याण्णव साली घरात काढलं आणि तिच्या बापाने, रंगनाथने, लगेच नफातोटा मांडला. "नाशिकला राहून, वीस हजार फी भरून शिकायचे काय, तर हातवारे! साधं बी.एड. कर, झेडपीत तरी चिकटशील. बोटं नाचवून कोणाचं पोट भरलंय?"

हे बोलणारा गृहस्थ कळवणच्या बैलबाजारातला नावाजलेला दलाल होता. टॉवेलखाली समोरच्याची बोटं धरून भाव सांगायचा, बोटं दाबूनच सौदा ठरवायचा.

फी भरायची मुदत संपत आली तशी स्नेहल त्याच्या शेजारी येऊन बसली. त्याच्या खांद्यावरचा टॉवेल तिने दोघांच्या हातांवर टाकला आणि खालून त्याची तीन बोटं धरली.

तीस हजार! रंगनाथने सवयीने मान हलवली आणि तिची दोनच बोटं दाबली.

"वीसला ठरलं, अण्णा. फी तेवढीच हाय."

"आँ? मी कुठं काय बोललो?"


स्नेहलची आई भाकरी थापता थापता म्हणाली, "बाजारात तरी कुठं बोलता?"