ठमीचा रिपोर्ट

“आता मी काही बोलत नाही. डॉक्टरांच्याच तोंडून ऐका,” असं म्हणून मास्तरीणबाईंनी तळमजल्यावरच्या काकांना दवाखान्यातलं बाक दाखवलं. बोलत नाही म्हणाल्या खऱ्या, पण सकाळपासून त्यांच्या तोंडाला विसावा नव्हता. काकांच्या दाराशी उभं राहून त्यांनी सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा त्यांचा उद्धार केला होता.

काका बसले नाहीत. “मी उभाच बरा. आणि रिपोर्टात माझा हात निघाला नाही, तर तुम्ही जिन्यात उभं राहून माझी माफी मागायची. अशीच, मोठ्यांदा.”

“निघेल. नका काळजी करू.”

ठमी ही बाईंच्या मुलीची मांजर. काकांच्या कुंड्यांतली माती उकरायची आणि रोपं आडवी पाडायची, हा तिचा रोजचा उद्योग. काका तसे तापट. बिल्डिंगच्या गेल्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ते म्हणाले होते, “एक दिवस विष घालीन तिला.” काल ठमीला उलट्या सुरू झाल्या. आज सकाळी ती न्हाणीघरात निपचित पडलेली सापडली, पाण्यालाही तोंड लावेना. बाईंच्या मनाला दुसरी शंका शिवलीच नाही. त्यांनी काकांना दवाखान्यात चलायचं आव्हान दिलं, तर काकांनीही तिथल्या तिथे चपला अडकवल्या. “चला, होऊनच जाऊ दे.” दोघं एकाच गाडीतून आले, एकमेकांकडे पाठ करून.

मुलगी आतल्या खोलीत ठमीजवळ बसली होती. डॉक्टर कागद घेऊन बाहेर आले आणि त्यांनी मागचं दार ओढून घेतलं.

“मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडलीत,” ते म्हणाले. “एरवी लघवीवाटे निघून जातं ते सगळं रक्तात साचलंय.”

“विषानंच ना?”

“विषच म्हणायचं.”

बाई गर्रकन वळल्या. “ऐकलंत? मुक्या जनावरावर सूड उगवलात. तुमच्या त्या चार रोपट्यांसाठी. माणूस म्हणायचं की कोण तुम्हाला?”

काकांच्या कानशिलावरची शीर टरारली. “मी तिच्या वाऱ्यालाही उभा राहिलेलो नाही.”

“उंदराचं औषध घातलंत तुम्ही.”

“ते नव्हे,” डॉक्टर मध्येच म्हणाले. “त्यानं रक्त गोठायचं थांबतं. हिचं रक्त व्यवस्थित गोठतंय.”

“मग दुसरं काही घातलं असेल. करणाऱ्याला काय, सतरा वाटा सापडतात.”

डॉक्टरांनी कागद बाईंच्या पुढे धरला. “लघवी जेमतेम मिळाली. तिच्यात साखर आहे. रक्तातली साखर मात्र नेहमीइतकीच, म्हणजे हा मधुमेह नाही. मूत्रपिंडातल्या बारीक नळ्या खराब झाल्यात, त्यामुळे त्यांना साखर धरून ठेवता येत नाही, ती गळतेय. दोन दिवसांपूर्वी धडधाकट असलेल्या मांजरीचं असं झालं, की मी एक प्रश्न आधी विचारतो. घरात लिलीची फुलं आणली होती का?”

बाईंनी कागदावरून नजर वर उचलली.

“मांजराला ती फार वाईट. पाकळी खायलाच हवी असं नाही. फुलातली पूड अंगाला लागली आणि तिनं ती चाटली, तरी पुरे होतं.”

परवा बाईंचा वाढदिवस होता. मुलगी मैत्रिणीच्या आईबरोबर गुपचूप बाजारात जाऊन पांढऱ्या लिलींचा गुच्छ घेऊन आली होती. ठमीनं त्यात तोंड खुपसलं. तिचं नाक पिवळंधमक झालेलं बघून मुलगी हसून हसून लोळली. बाईंनी फोटो काढून साऱ्या नातेवाइकांना पाठवला. मग ठमी कोपऱ्यात जाऊन बराच वेळ तोंड धूत बसली होती.

“कुणी आणली?” काकांनी विचारलं.

“मुलीनं,” बाई कशाबशा म्हणाल्या. “माझ्यासाठी.”

त्यांचा राग अजून तसाच धगधगत होता. त्याला जायला जागा मात्र उरली नव्हती. काका एक पाऊल पुढे आले. सकाळपासून गिळलेलं सगळं त्यांच्या ओठांवर आलं होतं आणि बाईंनीही ते ऐकून घ्यायला मान खाली घातली.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. “डॉक्टरकाका, ठमी डोळेच उघडत नाहीये,” मुलगी म्हणाली. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. “काय खाल्लं तिनं?”

बाईंनी तिला जवळ ओढलं. “बाळा, ऐक. आपल्या घरात ती…”

“तुम्ही गप्प बसा, बाई,” काका खेकसले. आवाज तोच, भांडणातला. मग तशाच रागानं ते मुलीला म्हणाले, “उंदराचं औषध खाल्लंय तिनं. मी ठेवलं होतं, माझ्या कुंडीत. झालं समाधान?”

डॉक्टरांनी चमकून वर पाहिलं. काकांनी त्यांच्याकडे असे डोळे वटारले, की त्यांनी हातातल्या कागदाची मुकाट्यानं घडी केली.

मुलगी त्यांच्याकडे वळली. “मी तुमच्याशी कधीच बोलणार नाही. आम्ही खाली खेळायला आलो तरी आमच्यापैकी कुणीच तुमच्याशी बोलणार नाही. मी सगळ्यांना सांगणार आहे.”

“सांग,” काका म्हणाले आणि मागे वळून न बघता दवाखान्याबाहेर पडले.

मुलीनं आईच्या कमरेला मिठी घातली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तो फिरेना.

“आई,” मुलगी हुंदक्यांमधून म्हणाली, “सकाळी तू त्यांना सगळ्यांसमोर बोललीस ना, ते बरोबरच होतं.”