रिकामी जागा

चंद्रव्वाचा नवरा वारला, तेव्हा दिराने त्याला शहरातल्या सात रस्ता चौकामागच्या आपल्या माळावर पुरू दिलं, लिंगायत रीतीप्रमाणे बसवून. वर दगड मात्र ठेवू दिला नाही. "वैनी, जागा रिकामी दिसली तरच भाव येतो की!" अकरा वर्षं ती गवतालाच विभूती लावत राहिली. मग शहरातली जादा रिकामी जमीन सरकारजमा करणारा कायदा आला. समाधीची जागा रिकामी धरत नाहीत, असं वकिलाने सांगताच दिराला भावाची आठवण दाटून आली. आठवड्यात शहाबादी फरशीचा ऐसपैस कट्टा झाला. मोजणीदाराने विचारलं, "बाई, खरंच कुणी आहे इथं?" "सांगा की वैनी, अण्णा बसलाय म्हणून!" दीर कळवळला. चंद्रव्वाने फरशीवरून हात फिरवला. "कुणी न्हाय, साहेब. अकरा वर्षं भावजीच म्हणत आल्यात की, रिकामी हाय." मग वाकून पुटपुटली, "अवो, जरा सरकून बसा. सरकार येतंय."